सायकल माझ्या मापाची

आमच्या सायकलला काहीही झालेलं नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जे काही झालं ते मला झालं.

काळी, उंच, दणकट सायकल. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला घेतलेली. सव्वीस वर्षं मी तिच्यावरून सिहोऱ्याच्या शाळेत जातोय. शाळेत मी ग्रंथपाल आहे (म्हणजे मुलं मैदानात गेली की पुस्तकांपाशी बसून पेंगणारा माणूस). आणि दर रविवारी इंदूला, म्हणजे बायकोला, कॅरियरवर बसवून तलावाच्या पाळीने, त्या मातीच्या बांधावरून, शेतावर न्यायचं, हा आमचा नेम. ती मांडीवर डबा धरून मागे बोलत असायची, मी पुढे हं-हं करत असायचो. दिवाळीनंतर एका हाताला धान पिवळं पडलेलं, दुसऱ्या हाताला पाण्यावर धुकं, आणि पायडल आपोआप फिरायचे. कित्येकदा मला शेत आल्यावरच जाग यायची. मुलीच्या नावापासून तिच्या लग्नापर्यंत आमचं सगळं त्या अर्ध्या तासातच ठरलं. इंदूने बोलायचं, मी हं म्हणायचं, झालं.

अशात मोबाईलवरच्या एका व्हिडिओत एक गृहस्थ भेटले. ते म्हणाले, सायकल अंगाच्या मापाची असली की आपल्याला शरीर आहे हेच माणूस विसरतो. माझी कंबर तेव्हा रोज स्वतःची आठवण करून देत होती. शिवाय तंद्रीत राहणाऱ्या माणसाला शरीर विसरायला मिळतंय म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?

सीटची उंची काढायची त्यांची रीत अशी: अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, मांड्यांच्या मधोमध एक जाड पुस्तक वर दाबून धरायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजायचं. जाड पुस्तकांची मला कमी नव्हती. मी शब्दकोश निवडला. अर्धी चड्डी घालून, शब्दकोश मांड्यांत दाबून, हातात शिंप्याचा टेप घेऊन मी भिंतीला चिकटलो होतो, तेवढ्यात इंदू शेजारच्या काकूंना घेऊन आत आली. काकू विरजण मागायला आल्या होत्या.

"अवो, हे काय करून राहिले तुमी?"

"माप घेऊन राहिलो."

"कोनाचा? पुस्तकाचा?"

काकू विरजण न घेताच गेल्या. दुसऱ्या दिवशी मी सायकलवाल्या नत्थूभाऊंच्या दुकानात पोचलो, तर त्यांनी आधी मला बाकावर बसवलं आणि पाणी दिलं.

"सर, तब्येत बरी हाय ना? काकूबाई सांगत होती, तुमी पायानं पुस्तक धरून राहिले म्हनून."

मी त्यांना सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझी जुनी, स्प्रिंगची, ऐसपैस चामडी सीट काढली आणि मी पसंत केलेली नवी सीट हातात घेऊन बराच वेळ निरखली.

"सर, हे सीट बारीक हाय."

"मंग?"

"तुमी नाही."

तरी बसवली. शब्दकोशाच्या मापाने उंच केली. त्यामुळे मी पुढे कललो आणि सगळा भार मनगटांवर आला, म्हणून हँडल बदललं. नव्या हँडलने मान धरली, म्हणून हँडलखालचा दांडा बदलला. आता टाचा घसरायला लागल्या, म्हणून पायडल. पायडलला शोभेना म्हणून चाकं, चाकांना चालेना म्हणून ब्रेक. दर वेळी जुनं सामान मी घरी आणायचो आणि इंदू ते फडक्यात बांधून माळ्यावर टाकायची.

"फेकून दे ना," मी म्हणायचो.

"राहू द्या. पडून राहिला तं काय खाऊन राहिला?"

शेवटी एक दिवस नत्थूभाऊ मागे सरकून सायकलीकडे पाहत म्हणाले, "सर, आता फ्रेम आन् घंटी तेवढी जुनी राहिली. त्यायलेच कायले नाराज करता?" मीही कोणाला नाराज केलं नाही. जुनी फ्रेम, जुनी घंटी आणि फ्रेमला असलेलं कॅरियर माळ्यावर गेलं. नव्या फ्रेमला कॅरियर बसवायची सोयच नव्हती. खरं सांगायचं तर ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

रविवार उजाडला. इंदू ठेवणीतलं लुगडं नेसून, डबा घेऊन बाहेर आली. नव्या सायकलीचं तिलाही कौतुक होतं. सवयीने ती मागच्या बाजूला गेली आणि तिथेच उभी राहिली.

"मी कोठी बसू?"

मी मागे वळून पाहिलं. सीट होती, तिच्याखाली चाक होतं, आणि मधे नुसती हवा होती.

"तू... आटोनं ये ना," मी म्हणालो.

सव्वीस वर्षांच्या संसारात मी यापेक्षा वाईट वाक्य बोललेलो नाही, आणि वाईट वाक्यं मी काही कमी बोललेलो नाही. तिने डबा माझ्या हातात दिला आणि आत गेली. त्या आठवड्यात घरात मी बोलायचो आणि ती हं-हं म्हणायची. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हं हा किती आखूड शब्द आहे.

पुढच्या रविवारी मी एकटाच निघालो. आणि कबूल करतो, सायकल सुरेख चालत होती. पाळीवर धुकं होतं, पाण्यात कमळाची पानं पसरली होती, दूर कुठे बगळे उभे होते. कंबर नव्हती, मान नव्हती, मनगटं नव्हती. ते मोबाईलवाले गृहस्थ खरं बोलले होते, मी शरीर साफ विसरलो. फक्त मागे कोणी बोलत नव्हतं, म्हणून मी उगाचच दोनदा हं म्हणून पाहिलं.

तेवढ्यात समोर म्हशी आल्या. मी ब्रेक दाबला, सायकल थांबली, मी पाय खाली टाकला. जमीन मिळाली नाही. सीट शब्दकोशाच्या मापाची होती, आणि शब्दकोशाला उतरावं लागत नाही. मी अगदी सावकाश कलत गेलो. इतका सावकाश, की जाता जाता एका म्हशीची आणि माझी नजरानजर झाली. मग मी कमळाच्या पानांत, गुडघाभर पाण्यात, उताणा होतो. वर आभाळ फार छान दिसत होतं.

तिथेच घंटी ऐकू आली. आमची जुनी घंटी. पाळीवर आमची काळी सायकल उभी होती, सगळ्या जुन्या अवयवांसकट, आणि तिच्यावर इंदू. हँडलला डबा.

"हे कोठून आली?" मी पाण्यातूनच विचारलं.

"माळ्यावरून. नत्थूभाऊनं जोडून देली."

"तुले चालवता येते?"

"लग्नाआधी तुमसरच्या शाळेत सायकलनंच जात होती ना मी. तुमी कधी पुसलं?"

"आन् सीटचा माप?"

"दोनी पाय भुईले टेकले, झाला माप. या वर. बसा मांगं."

माझी नवी सायकल हँडल वाकडं करून मोहाच्या झाडाला टेकली आणि मी मागे बसलो. इंदूने डबा माझ्या मांडीवर दिला. कॅरियरच्या सळया टोचणं म्हणजे काय, हे मला पहिल्या शंभर पावलांत समजलं. पाय कुठे ठेवावे समजेना. खड्डा आला की जीव डब्यात जायचा.

"इंदू, हे कॅरियर लय गडते गं."

"गडते काय?" ती समोर बघतच म्हणाली. "मले मालूम हाय. सव्वीस सालापासून."

मला फार लाज वाटली. स्वतःच्या देहाचा इंच-इंच मोजून झाला होता, आणि जी माझ्या पाठीशी बसून आयुष्यभर बोलली तिला कसं वाटतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तसं मी तिला म्हणालोही. ती हं म्हणाली, पण हा हं जरा लांब होता.

"येत्या आयतवारपासून मीच चालवीन," शेतावर उतरताना तिने सांगून टाकलं. "तुमी मांगं बोलत बसा."

सोमवारी मी नत्थूभाऊंकडे गेलो. म्हटलं, कॅरियरवर चांगली जाड, मऊ गादी बसवा, सव्वीस वर्षं उशीर झालाय. नत्थूभाऊंचे डोळे भरून आले. "लय चांगला केला सर, बाईले आराम पडन. माप कोनाचा घेऊ?"

मी पिशवीतून शब्दकोश काढला आणि दुकानाच्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो.