पोळ्याच्या दिवशी सुई नाही

पिंजरा उघडण्याआधी मामा झाकणावर बोटानं दोनदा टकटक करत. आत कोण, तर मुठीत मावणारे पांढरे उंदीर. "कोणाच्या घरात जातांनी आवाज द्या लागते," म्हणत. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची खोली त्यांच्याकडे होती, म्हणून सगळे त्यांना उंदीरमामा म्हणत. ते सोनाळ्याचे, मी देऊळघाटची, दोघं एकाच मुलखातले. बाहेर जपून शुद्ध बोलणारी मी त्या खोलीत शिरले की 'मले-तुले'वर यायची.

आमचं काम सांगायला सोपं होतं. मेंदूत आणि डोळ्यात होणारा लिम्फोमा, म्हणजे एक कर्करोग, उंदरात रुजवायचा, औषध द्यायचं आणि ते तिथपर्यंत पोचतं का पाहायचं. बहुतेकदा पोचत नसे. शेवटी उंदीर मारूनच तपासावे लागत. अशा प्रत्येक संध्याकाळी रिकामे पिंजरे धुवायला नेताना मामा विचारत, "झाला का वं पोरी, कोणाले उपयोग?" मी म्हणे, "अजून नाही, मामा." "बरं," म्हणून ते नळ सोडत. सात वर्षं हे चाललं. आधी मला हसू यायचं, मग राग, नंतर नुसता थकवा.

आजार त्यांना यंत्राआधी कळे. "तीन नंबरचा डावा डोळा पाह्य, धुई आल्यावानी झाला," म्हणत, आणि तपासावं तर खरंच डोळ्यावर धुकं धरलेलं. एखादा एकाच अंगानं गरगर फिरू लागला की "याच्या डोक्यात शिरलं," म्हणून चिठ्ठी लावून ठेवत. माझ्या वहीतली निम्मी निरीक्षणं त्यांची होती. शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यात त्यांचं नाव नव्हतं. मी ते सुचवलंही नव्हतं. त्याची लाज मला आजही वाटते.

एकदा मात्र त्यांनी मला रडवलं. कित्येक आठवडे जपून वाढवलेल्या पेशी त्या सकाळी उंदरांच्या डोळ्यांत सोडायच्या होत्या. पेशी बर्फावर काही तासच टिकतात. मी डबा घेऊन गेले तर खोलीला कुलूप, किल्ली मामांच्या खिशात आणि मामांचा पत्ता नाही. दुपारी उगवले, कपाळाला गुलाल लावून. शहराबाहेर कुणाच्या तरी बैलांना नैवेद्य द्यायला गेले होते. तोवर पेशी मेल्या होत्या.

"मामा, काऊन केलं असं?"

"आज पोळा हाय. जनावराले आज काम सांगत नाहीत."

"ते बैलांसाठी! हे उंदीर आहेत!"

"मंग? बैलापेक्षा कमी राबून राह्यले का हे?" मग जरा खालच्या आवाजात, "काल सांजच्याले, बैलाइले म्हणतात तसं, या समद्याइले म्हणलं बी होतं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आवतन देऊन सुई टोचतं का कोणी?"

मी वाट्टेल ते बोलले. त्यांना अडाणी म्हटलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि माफीनामा लिहून दिला. मला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. पुढच्या वर्षीपासून मात्र मीच पोळ्याचा दिवस मोकळा ठेवू लागले. त्याचं कारण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

निवृत्त होऊन मामा गावी गेले. गेल्या पोळ्याला मी सोनाळ्याला गेले. वाटभर उत्तराची जुळवाजुळव करत होते. औषध उंदरांच्या डोळ्यात पोचतंय, मेंदूचं अजून जमत नाही, माणसांवर वापरायला अजून अवकाश आहे. मामा बाजेवर पडून होते, पार वाळलेले. घरच्यांची चौकशी केली, देऊळघाटच्या पिकांची केली, चहा पाजला. तेवढं एकच विचारलं नाही.

निघताना मला राहवलं नाही. "मामा, उपयोग नाही झाला अजून."

"माईत हाय मले," ते म्हणाले. "झाला असता तं फाटकातूनच वरडत आली असती तू."

त्यानंतर महिन्याभरात मामा गेले. परवा त्यांच्या जागी आलेला नवा माणूस रिकामे पिंजरे धुवायला नेत होता, त्याला काही विचारायचं नव्हतं. तो नळ सोडून मोकळा झाला. मी उगाचच दारात उभी राहिले.