काठाकडचा धागा

वडगावच्या सोनाबाईंच्या नजरेवर गल्लीत कुणी शंका घेतली नव्हती. यंत्रमागावरच्या ताण्यातला तुटका धागा चष्म्याशिवाय हुडकून गाठ मारणारी बाई. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला तेव्हा त्यांना हसूच आलं होतं.

"डोळ्यातलं पाणी निचरून जायची जाळी बिघडली की आतला दाब वाढतो," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "पेशी ऑक्सिजन वापरतात, त्यातून घातक कचरा उरतो. तो साफ होईना झाला की जाळी खराब होते, मागची नसही झिजते. लोखंडाला गंज चढतो ना, तसं. थेंब रोज घालायचे."

सोनाबाईंना त्यातला गंज तेवढा कळला. पावसाळ्यात माग बंद राहिला की गंज चढतोच. रॉकेलचं फडकं मारायचं, लोखंड लख्ख. शेजारच्या भाग्यलक्ष्मीनं आवळ्याचा रस सुचवला, आतला गंज कापतो म्हणून. रस सुरू झाला. थेंब झोंबायचे, ते बंद झाले. झोंबायचं थांबलं, म्हणजे गंज उतरला, असा त्यांनी हिशोब लावला.

मग एका दुपारी साडीची घडी घालताना सून सौम्या थबकली. डाव्या काठाला धागा तुटलेला आणि वीण हातभर तशीच पुढं गेलेली.

"आत्या, ह्ये बघा की."

"माग लई जुना झालाय गं."

"परवा चौकटीला धडकलासा, तवा चौकट वाकडी म्हणलासा. आज माग जुना."

माग सुटला तर दिवसभर करायचं काय, एवढाच घोर सोनाबाईंना लागला.

सौम्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. तिथं यंत्रात डोकं घालून, दिवा दिसला की बटण दाबायचं होतं. कागदावर डाव्या बाजूला न दिसलेल्या दिव्यांचा काळा पट्टा उमटला. सौम्यानं रसाचं, बंद केलेल्या थेंबांचं सांगून टाकलं.

"आवळ्यानं काही बिघडलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थेंब सोडले, त्यानं बिघडलं. गेलेली नजर येत नाही, उरलेली राखायची."

"लोखंडाचा गंज तर निघतोय की वो."

"गंज निघतो. त्यानं खाल्लेलं लोखंड परत येतं का?"

सोनाबाईंना मागाची एक दांडी आठवली. घासून लख्ख केलेली, पण मधेच बोटाएवढी बारीक झालेली.

आता माग सौम्या चालवते. सोनाबाई शेजारी सुताच्या कांड्या भरतात. तिथं धागा डोळ्यांसमोरूनच जातो. काठ तपासायचाच असला तर बोटांनी चाचपतात, आणि चूक सापडली की सुनेला ऐकवायचं सोडत नाहीत. सकाळी थेंब पडल्याशिवाय मात्र सौम्या मागाचं बटण दाबत नाही.

"झोंबतंय गं."

"झोंबू द्या, आत्या. मान वर करा."