आईनं दिलेले सत्तेचाळीस पैसे

मंडळी, आज भोकरच्या पेट्रोल पंपावर आईनं लई हसवलं.

पंपावरच्या दादानं विचारलं, “मावशी, एकशे दहाचं टाकू?” आपल्याकडं सगळे तेवढंच टाकतात. शंभरला मशीन कमी देतं म्हणे!

आई म्हणाली, “न्हाई. पाटीवर लिटरचा भाव हाय, तर एक लिटरच दे.”

भाव एकशे पाच रुपये सत्तेचाळीस पैसे.

दादा म्हणाला, “वरचे सत्तेचाळीस पैसे कुठून देता?”

मागं पाण्याचा टँकरवाला हॉर्न वाजवून राहिला. आई मोबाईलवर पैसे द्यायला कालच शिकलेली. तिनं सावकाश एकेक आकडा दाबला. स्पीकर बोलला, “एकशे पाच रुपये सत्तेचाळीस पैसे मिळाले.”

अख्खी रांग हसली. टँकरवाला ओरडला, “मावशी, माझं बी असंच भरा!”

इतकी वर्षं आपण पाटीवरचे ते पैसे नुसते वाचून राहिलो. तुमच्यापैकी कुणी कधी दिलेत का?