लोकवाट्याचे दगड

दगडांच्या गाड्या एकामागून एक येत होत्या आणि मी वहीत रेघा मारत होते. चार दिवसांत गावानं आपला सगळा वाटा आणून टाकला. मी हरखून गेले. वय एकवीस, अंगात खादी, पायात कॅनव्हासचे बूट. अक्कल तेवढी यायची होती.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. सरकारचा विकास ब्लॉक नवा, जीप नवी, आणि मी ग्रामसेविका तर अगदीच कोरी करकरीत. गाव किन्हीराजाच्या बाजूचं. नाव सांगत नाही, तिथली नातवंडं मला अजून लग्नाला बोलावतात. विहिरीचा प्रस्ताव मीच लिहिला होता. सरकार सिमेंट आणि मिस्त्री देणार, गावानं दगड आणि श्रमदान द्यायचं. या गावाच्या हिश्श्याला लोकवाटा म्हणत. वाटा देईल त्यानं जागा सुचवायची, आणि विहीर सर्वांसाठी खुली राहणार, अशा अटी होत्या. पारावर मी त्या खणखणीत आवाजात वाचल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, काय भाषण केलं मी!

पाचव्या दिवशी श्रमदानाला बायका बोलवायला गावकुसाबाहेरच्या खालच्या वस्तीत गेले. त्यांच्या विहिरीला काठच उरला नव्हता. जमिनीत नुसतं भोक. एक बाई पोटावर झोपून बादली सोडत होती, दुसरीनं तिचे पाय धरले होते.

म्हाताऱ्या सखूबाईला विचारलं, कोणी फोडली?

"तुमच्या वहीत असन की, बाई. गाड्या तुमीच मोजून राह्यल्या व्हत्या."

तशीच पाटलांकडे धावले. ते निवांत चहा पीत होते.

"तुमीच वाचलं ना, नवी विहीर सगळ्याइची? मंग त्याइले जुनी कायले पायजे?"

"नवीवर पाणी भरू द्याल त्यांना?"

"कागदावर आमची हरकत नाही," पाटील म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

ब्लॉकच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, लोकवाटा जमा झाल्याचा रिपोर्ट वर गेला, दगड परत करायची तरतूद कुठेच नाही. मी ऑफिसातच रडले. नाक-डोळे पुसायला मी हातातली प्रस्तावाची कार्बन कॉपी वापरली. गाल आठवडाभर निळे होते.

सखूबाईला सांगितलं, काही होत नाही. तिनं माझ्या गालांकडे पाहिलं, पण हसली नाही. दगड कोणाच्या नावावर मांडले, एवढंच विचारलं. गावाच्या, मी म्हणाले.

"ते त आमच्या बुढ्याइनं घडवले. आमच्या नावावर मांडा."

मला हे सुचलं नव्हतं. मॅट्रिक मी होते!

साहेब पाहणीला आले तेव्हा पारावर सगळ्यांसमोर मी एकेका गाडीवानाला विचारलं, दगड कुठून भरले? श्रमदानात नाव लागेल या हौसेनं त्यांनी छाती फुगवून सांगितलं. कोणी तर काठ उपटायला पहार कशी लावली तेही करून दाखवलं. पाटील खाकरत राहिले, पण कोणी थांबेना. मी लगेच म्हणाले, मग वाटा खालच्या वस्तीचा, जागाही तेच सुचवतील.

साहेबांना वर गेलेला रिपोर्ट आठवला असावा. तो खोटा ठरवण्यापेक्षा जागेची एक ओळ बदलणं सोपं होतं. त्यांनी सही केली. पाटलांच्या तोंडावरचा रंग मी आजही चवीनं आठवते.

दगड त्याच गाड्यांतून खाली गेले. मिस्त्रीकडून आधी जुन्या विहिरीचा काठ सिमेंट लावून बेताचा बांधून घेतला, उरलेल्या दगडांत तिथंच नवी झाली. पाटील माझी बदली होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला कामाला जास्त वेळ मिळाला.

त्यानंतर नोकरीभर एक नेम पाळला. लोकवाटा भराभर आला की टाळ्या वाजवायच्या नाहीत. गाडीवानाला पाणी द्यायचं आणि विचारायचं, बाबा, कुठून भरलीस?