लोणी लावलेला सांधा

आयुष्यभर पाइपांचे सांधे जोडलेल्या फिटरकाकांना आज मैद्याच्या सांध्याने घाम फोडला. मुलीचे सासू-सासरे सुट्टीच्या दिवशी पहिल्यांदाच जेवायला येणार होते आणि चीज भरलेले प्रेट्झेल रोल, म्हणजे सोड्याच्या पाण्यात उकळून मग भाजायचे जर्मन पाव, घरीच करायचे काकांनी छातीठोकपणे कबूल केले होते. सोड्याच्या उकळत्या पाण्यात पहिला रोल सोडताच तो उकलला आणि चीज बाहेर आले.

“अहो, कडेला लोणी का फासलंत? चिकटणार कशी ती?” काकूंनी कपाळाला हात लावला. “हा काय नळ आहे?”

पाणी गळू नये म्हणून पाइपाच्या आट्यांना सफेदा लावणारा हात सवयीनेच चालला होता. काकांनी उरलेल्या रोलांच्या कडा पुसल्या, पाण्याचे बोट लावून पुन्हा घट्ट चिमटल्या. दुसरा रोल त्यांनी अलगद पाण्यात सोडला. तो टिकला.

तेवढ्यात बेल वाजली.

“दार तू उघड,” पातेल्यावरची नजर न हलवता काका म्हणाले. “शेवटचा ओव्हनमध्ये जाईपर्यंत मी हलत नाही.”