मेलेल्या मेंढीची लोकर

लग्न होऊन केदारखेड्याला आले, तेव्हा लोकर म्हणजे मला फक्त घोंगडी ठाऊक. सासरी मात्र धंदाच लोकरीचा. माझे मालक जाफराबादकडच्या मेंढपाळांच्या वाड्यांवरून लोकर गोळा करायचे. घरी मी आणि सासूबाई ती निवडायचो आणि पोती नव्या जालन्यातल्या एका शेठजींच्या गोदामात जायची.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. माझे हात त्यांनीच तयार केले. काळी वेगळी, करडी वेगळी, कोकराचं पहिल्या कातरणीचं मऊ जावळ वेगळं. जित्या मेंढीच्या लोकरीला तेल असतं. दिवसभर निवडली की तळवे लोणी चोळल्यासारखे होतात. ते मला आवडायचं. पहिली मुलगी आठ महिन्यांची झाली होती आणि मी तिला निवडलेल्या जावळाच्या ढिगावरच निजवायचे.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. पावसाळा सरता सरता मालकांनी एका वाड्यावरून दोन पोती आणली. एक आम्ही उघडलं. आत्याबाईंनी मूठभर लोकर उचलली, बुडख्याकडून पाहिली. केसांना कातडीचे पापुद्रे होते. हाताला तेल लागेना.

"ही कातरलेली न्हाई, उपटलेली हाय. मेलेल्या मेंढीची. फेकून दे."

"एखादी मेली असंल, माय," मालक म्हणाले. "बाकीची बराबर आहे."

आत्याबाई पुटपुटत उठल्या. मी बसून राहिले आणि निवडत गेले. मालकांचा शब्द कसा मोडायचा, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

चौथ्या दिवशी मनगटाच्या वर एक पुळी आली. खाजायची, दुखायची नाही. दोन दिवसांत तिच्याभोवती पाण्याचे फोड उठले आणि मधोमध ती काळी पडली. कोळशाचा तुकडा कातडीत बसवावा, तशी. मी पदराखाली हात लपवला. पण हात कोपरापर्यंत सुजला. भाकरी थापताना बांगड्या रुतल्या आणि आत्याबाईंनी पाहिलं. त्यांनी माझा हात उजेडाला धरला आणि पुळी बोटानं दाबली.

"दुखतं का?"

"न्हाई."

त्यांनी माझ्या बांगड्या उतरवायला घेतल्या. "दुखलं असतं तर बरं होतं, पोरी. ही काळपुळी हाय, मेलेल्या मेंढरापासून लागती. माझा भाऊ हिच्यानंच गेला."

मला स्वतःचं काही सुचलं नाही. मुलगी त्याच पोत्याशेजारी निजलेली होती. मी धावले. पण तिला उचलायला वाकले आणि हात तिथंच थांबले. ह्या हातांनी तिला शिवायचं कसं? ती जागी होऊन माझ्याकडे हात वर करत होती आणि मी आईसारखी आई, तिच्यापासून मागं सरकत होते. शेवटी आत्याबाईंनी तिला उचललं.

पहिल्या एसटीनं आम्ही जालना गाठलं. डॉक्टरांनी हात पाहिला आणि आधी विचारलं, "काम काय करता?" लोकर म्हटल्यावर त्यांनी लगेच पेनिसिलिन सुरू केलं. म्हणाले, "वेळेवर आलात. लोकर चुना टाकून खोल पुरा. लेकरावर पंधरा दिवस लक्ष ठेवा. ताप, पुळी, काही दिसलं की घेऊन या."

बाहेर आल्यावर मी मालकांना विचारलं, "दुसरं पोतं कुठंय?"

 ते हळूच म्हणाले, "परवाच गोदामात देऊन आल्तो."

"सांगून या."

"शेठजींनी पुन्हा दारात उभं केलं न्हाई तर?"

"तिथं पण कुणी हात घालणारच ना?"

ते गेले. मी रस्त्याच्या कडेला सुजलेला हात धरून तासभर बसले. परतल्यावर मालकांनी तिथलं सांगितलं. पोतं अजून बांधलेलंच होतं. ते पाठीवर वाहणाऱ्या हमालाला शेठजींनी लगेच डॉक्टरकडे पाठवलं होतं. तो पुढंही धडधाकट राहिला. "सांगितलंत ते बरं केलंत," शेठजी म्हणाले, "पण ह्या मोसमात तुमची लोकर नको." दोन्ही पोती मालकांनी चुना टाकून खोल पुरली.

नंतरचे पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी आत्याबाई मुलीला उघडं करून उजेडात धरायच्या आणि मी दोन हात लांबून बघायचे. एकदा मानेवर लाल ठिपका दिसला.  आत्याबाईंनी तो दाबला, तशी पोर किंचाळून रडली. "दुखून राह्यलं तिला! मच्छर चावला असंल, बाई!" म्हणत आत्याबाई स्वतःच रडायला लागल्या.

मुलीला काही झालं नाही. माझी खपली महिन्याभरात पडली आणि तिथं खोलगट डाग राहिला. पुढच्या हंगामात शेठजींनी लोकर पाठवा म्हणून निरोप धाडला. मालक पुन्हा वाड्यांवर हिंडू लागले, पण आता मेंढ्या कातरताना स्वतः समोर बसायचे. मी पण निवडायला बसले. मुलगी मात्र त्या दिवसापासून शेजारच्या घरी निजू लागली. मी पहिली मूठ उचलली, तशी आत्याबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि बुडखा आधी स्वतः पाहिला.