पेंटरकाकांचं अक्षर

बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या पेंटरकाकांच्या हातच्या. त्यांची धाकटी बहीण सरकारी दवाखान्याच्या बाकावर डॉक्टरची वाट बघता बघता गेली. दिवसपाणी उरकल्यावर काकांनी दवाखान्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलं, 'इथे डॉक्टर नसतो.'

चुगली कुणीच केली नाही. फौजदारांनी काकांना चौकीच्या पाटीखाली उभं केलं. "काका, ही कुणी रंगवली?"

"मीच."

"मग ती भिंतही तुमचीच. अक्षर लपतं होय?"

काकांनी नाही म्हटलं नाही. कोर्टात सगळी चर्चा भिंतीची झाली, बहिणीचा विषय निघालाच नाही. दंड झाला, शिवाय भिंत स्वतः साफ करून द्यायचा हुकूम. तेलरंग चांगल्यातला होता. घासून घासून काकांची बोटं सोलली.

पुढे ते शाळेच्या पाट्यांचं काम मागायला गेले, तेव्हा मुख्याध्यापिका नजर चुकवत म्हणाल्या, "काका, तुमच्या नावावर गुन्हा आहे. सरकारी काम कसं देऊ?" दुकानदारही हळूहळू टाळायला लागले.

"दुसरं काही बघा की," काकू म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. पण जन्मभर ब्रश धरलेल्या हाताला दुसरं येत काय होतं? ते दिवसदिवस ओट्यावर बसून राहत. डब्यातले ब्रश वाळून कडक झाले, तरी काका ते धुवायला उठले नाहीत.